आवाज नेमका कुठं बिघडतो?

साखरशेतात आणि आसपासच्या पाड्यांवर आता घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारी पोरं दिसायला लागलीत. कुणी स्वतःची गाणी करतं, कुणी आजीच्या गोष्टी जमवतं, कुणाला तारप्याच्या चाली जपून ठेवायच्या असतात. सामान साधंच असतं: एक लॅपटॉप, एक माइक, मधे ऑडिओ इंटरफेसची छोटी डबी आणि ऑडॅसिटी किंवा रीपरसारखं सॉफ्टवेअर. माझं संशोधन बोलींच्या ध्वनींवर आहे, त्यामुळे हे सामान माझ्याही रोजच्या वापरातलं. साहजिकच प्रश्न माझ्याकडे येतात. "आवाजच येत नाही." "मागं घूंऽऽ असा आवाज येतोय." "मधेच टकटक होतं." "माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो."

प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा आज पद्धतच सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करू. रेकॉर्डिंगचे दोष दोन जातींचे असतात. काही दोष नंतर निवांत बसून दुरुस्त करता येतात. काही दोष मात्र कायमचे. ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं निघत नाहीत, कारण मूळ आवाज नोंदलाच गेलेला नसतो. स्वतःचं गाणं असेल तर पुन्हा गाता येतं. पण वारली लग्न लावणारी ऐंशी वर्षांची धवलेरी जेव्हा तिची सगळी गाणी सलग म्हणायला तयार होते, तेव्हा ती संधी पुन्हा येईलच असं नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, वारली बोलीचे नमुने छापले गेले. शब्द कागदावर राहिले. पण ते म्हणणाऱ्या माणसाचा सूर, हेल, मधली थांबण्याची लय कागदावर राहत नाही. ती फक्त ध्वनीतच राहते. म्हणून कुठला दोष आधी शोधायचा, हे त्याच्या त्रासावरून ठरवायचं नाही, तो कायमचा आहे की नाही यावरून ठरवायचं.

आवाजाची वाट

डोंगरातल्या झऱ्यावरून पाइपानं गावात पाणी आणलंय असं समजा. नळाला पाणी नाही आलं तर आपण काय करतो? सगळा पाइप उखडत नाही. मधल्या एका जोडावर जाऊन बघतो. तिथं पाणी असेल तर बिघाड खाली, नसेल तर वर. आवाजाचंही अगदी तसंच आहे.

आवाजाची वाट अशी: तोंड किंवा वाद्य, मग हवा, मग माइक, मग केबल, मग इंटरफेस. इंटरफेसमधे आवाजाचा क्षीण विद्युत संकेत आधी मोठा केला जातो, त्याला गेन म्हणतात. मग त्याचे आकडे बनतात. ते आकडे यूएसबीनं लॅपटॉपमधे जातात, ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम ते उचलतो, सॉफ्टवेअर ते साठवतं. ऐकताना हीच वाट उलटी: आकड्यांचा पुन्हा विद्युत संकेत, आणि तो हेडफोनमधे.

यातला मधला जोड म्हणजे इंटरफेसवरचा दिवा. बहुतेक डब्यांवर गेनच्या बटणाजवळ दिवा असतो. आवाज आला की हिरवा, फार मोठा झाला की लाल. आता समजा सॉफ्टवेअरमधे काहीच येत नाहीये. माइकसमोर बोला आणि दिव्याकडे बघा. दिवा लागला, तर माइक आणि केबल ठीक आहेत, बिघाड लॅपटॉपच्या बाजूला. दिवा लागला नाही, तर लॅपटॉपला हातही लावू नका, बिघाड अलीकडे आहे. एका तपासणीत अर्धी वाट बाद झाली.

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, सेटिंग फिरवलं आणि आवाज आला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून.

आवाजच येत नाही

दिवा लागत नसेल तर पहिला संशय फँटम पॉवरवर. कंडेन्सर जातीच्या माइकला चालायला वीज लागते आणि ती इंटरफेसमधून ४८ व्होल्टनं केबलवाटे जाते. त्यासाठी "४८ व्ही" असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबण्याआधी गेन शून्यावर आणा, नाहीतर हेडफोनमधे मोठा धप्पकन आवाज येतो. डायनॅमिक माइकला, म्हणजे भजनी मंडळाच्या किंवा सभेच्या माइकला, या विजेची गरज नसते.

दुसरा संशय पिनेवर. मोबाइलसाठीचा कॉलर माइक इंटरफेसमधे लावला की बहुधा नीट चालत नाही. त्याच्या पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. तीन पट्ट्या असतील तर ती मोबाइलची जोडणी, एकाच पिनेत हेडफोन आणि माइक दोन्ही. दोन पट्ट्या असतील तर रचना वेगळी. पीन आत बसते, पण जोडणी जुळत नाही.

दिवा लागतोय पण सॉफ्टवेअरमधे रेघ सपाट? मग तीन गोष्टी पाहायच्या. सॉफ्टवेअरमधे इनपुट म्हणून इंटरफेस निवडलाय की लॅपटॉपचा आतला माइक? विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमधे माइक वापरायची परवानगी चालू आहे का? रीपरमधे ट्रॅकवरचं रेकॉर्डचं लाल बटण दाबलंय का? आणि आवाज येतोय पण एकाच कानात, तर घाबरायचं काही नाही. इंटरफेसला दोन तोंडं असतात, आपण एकाच तोंडाला माइक लावलाय आणि सॉफ्टवेअर स्टिरिओ म्हणून दोन्ही नोंदवतंय. ट्रॅक मोनो करा. आधीच झालेलं रेकॉर्डिंगही नंतर मोनो करता येतं. हा पहिल्या जातीचा दोष.

फाटलेला आवाज: हा कायमचा

आता दुसऱ्या जातीकडे येऊ. इंटरफेस आवाजाचे आकडे बनवतो, पण आकड्यांना मर्यादा असते. १६ बिटच्या रेकॉर्डिंगमधे एकूण ६५,५३६ पायऱ्या असतात, उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. आवाज त्याच्या वर गेला तर? वर आकडाच नाही. सगळी शिखरं एका उंचीवर छाटली जातात. गोल डोंगरमाथ्याऐवजी सपाट पठार. कानाला ते फाटल्यासारखं, खरखरीत ऐकू येतं. याला क्लिपिंग म्हणतात.

पठाराच्या वर डोंगर कसा होता, हे फाइलमधे कुठंच लिहिलेलं नसतं. दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत, पण ती आजूबाजूला बघून अंदाज बांधतात. ऐकायला बरं वाटेल इतपत काम होतं. माझ्यासारख्याला त्यातून स्वर मोजायचे असतील तर ते निरुपयोगी, कारण छाटल्यामुळे मूळ आवाजात नसलेल्या कंपनसंख्या तयार झालेल्या असतात. मी मोजतो तो बोलणाऱ्याचा स्वर की छाटणीचा कचरा, हे सांगता येत नाही.

इथं एक गैरसमज हमखास होतो. सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली ओढली की लाल दिवा जाईल असं वाटतं. पण छाटणी झाली ती इंटरफेसमधे. पट्टी खाली ओढल्यावर फाटलेलाच आवाज फक्त हळू ऐकू येतो. गेन कमी करायचा तो इंटरफेसच्या बटणानंच.

किती ठेवायचा? सर्वांत मोठ्या आवाजाला सॉफ्टवेअरमधली मोजपट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतका. "एवढा कमी? मग आवाज बारीक येईल ना!" येऊ दे. २४ बिट निवडा. प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबलची जागा मिळते, म्हणजे १६ बिटला ९६ आणि २४ बिटला हिशेबानं १४४. वरचे १२ डेसिबल मोकळे ठेवले तर फक्त दोन बिट खर्च झाले. बारीक आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

तारपा आणि बोहाड्याचं संबळ यांच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. तारप्याचा भोपळा आणि पुढचा ताडाच्या पानांचा कर्णा मोकळ्या मैदानात ऐकू जावा म्हणूनच असतो. चाचणीला वादक हळूच दोन सूर लावतो, तुम्ही त्यावर गेन ठरवता, आणि नाच रंगला की आवाज कितीतरी वाढतो. म्हणून चाचणीच्या वेळी विनंती करायची: "बाबा, एकदा अगदी जोरात वाजवून दाखवा." आणि माइक कर्ण्याच्या तोंडासमोर धरायचा नाही. थोडा लांब, थोडा बाजूला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं कमी होतो. नुसतं दोन पावलं मागं सरकणं हेही गेन कमी करणंच आहे.

घूंऽऽ आणि झूंऽऽ

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. म्हणून विजेचा आवाज घुसला की तो ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत येतो: १००, १५०, २०० असा. ऑडॅसिटीमधे स्पेक्ट्रम काढून बघा, बोलणं नसलेल्या जागी ठरावीक अंतरावर सुळके दिसतील. सुळके ५० च्या पटीत असतील तर गुन्हेगार वीजच.

पहिली चाचणी सोपी. लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबलं? मग आवाज चार्जरच्या वाटेनं येतोय, बहुतेक वेळा अर्थिंग धड नसल्यामुळे. जुन्या घरांतल्या कित्येक बोर्डांवर तीन भोकं असतात, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं ना, तेही त्याचंच लक्षण. काही जण यावर उपाय म्हणून चार्जरची तिसरी पीन तोडतात किंवा टेपनं झाकतात. कृपा करून हे करू नका. ती पीन आवाजासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी असते. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, आणि तोवर रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

चार्जर काढूनही आवाज राहिला तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमरचा दिवा, जवळचा अॅडॅप्टर एकेक बंद करून बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करत असाल तर त्यातही खोच आहे. स्क्वेअर वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर विजेचा गोल हेलकावा न देता चौकोनी देतो. चौकोनी लाटेत १५०, २५०, ३५० असे विषम पटींचे आवाज भरपूर असतात, म्हणून घूंच्या जागी कर्कश झूं येतं.

केबलीचंही महत्त्व आहे. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलीत एकच आवाज दोन तारांतून, एकातून सुलटा आणि दुसऱ्यातून उलटा, पाठवला जातो. वाटेत घुसलेला विजेचा आवाज मात्र दोन्ही तारांत सारखाच घुसतो. शेवटी इंटरफेस दोघांची वजाबाकी करतो. सारखं असलेलं जातं, आवाज राहतो. गिटारच्या साध्या केबलीत ही सोय नसते, म्हणून ती लांब असली की घूं वाढतं.

घूं नंतर काढता येतं का? अर्धवट. ५० हर्ट्झ कापणं सोपं आहे. पण पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या बऱ्याचदा १०० ते १५० च्या आसपास असते आणि बाईच्या आवाजाची २०० च्या आसपास. विजेचे सुळकेही तिथंच. ते कापताना माणसाचा आवाजही थोडा कापला जातो.

टर्र-टर्र-टर्र: खिशातला फोन

मधेच पाच-सात सेकंद टर्र-टर्र असा ठेक्यातला आवाज आला आणि लगेच फोन वाजला, असं झालंय? जुन्या टूजी नेटवर्कवर फोन सलग न बोलता तुकड्यातुकड्यांत, सेकंदाला सुमारे २१७ वेळा, रेडिओ लहरी सोडतो. ते झटके केबलीत घुसतात. आणि सिग्नल जितका कमजोर, तितक्या जोरात फोनला ओरडावं लागतं. जव्हार-मोखाड्यात एका टेकडीवर रेंज आणि खाली दरीत काहीच नाही, ही स्थिती आपल्याला नवी नाही. म्हणून इथं हा त्रास शहरापेक्षा जास्त. उपाय फुकटचा आहे: खोलीतले सगळे फोन एअरप्लेन मोडवर. पाहुण्यांचेसुद्धा.

चट्-चट् आणि गळालेले क्षण: हाही कायमचा

४८ किलोहर्ट्झला रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे. लॅपटॉप प्रत्येक आकडा वेगळा उचलत नाही. आकडे एका भांड्यात साठतात आणि भांडं भरलं की लॅपटॉप ते एकदम रिकामं करतो. या भांड्याला बफर म्हणतात. २५६ आकड्यांचं भांडं साधारण ५.३ मिलिसेकंदांत भरतं, १०२४ आकड्यांचं २१.३ मिलिसेकंदांत. आता लॅपटॉप दुसऱ्याच कामात गुंतला, अँटिव्हायरसनं तपासणी काढली, वायफायनं काहीतरी ओढायला घेतलं, आणि भांडं वेळेत रिकामं झालं नाही, तर काय? पाणी सांडतं. तेवढे आकडे कायमचे गेले. चट् असा आवाज येतो तो या तुटलेल्या जागेचा.

उपाय: बफर मोठा करा, ५१२ किंवा १०२४. वायफाय बंद. ब्राउझर बंद. इंटरफेस यूएसबी हबमधे न लावता थेट लॅपटॉपला. विंडोजवर कंपनीनं दिलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरा.

इथं एक गाठ बसते, ती लक्षात ठेवा. घूं घालवायला आपण चार्जर काढला. चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरी वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. वेग कमी झाला की भांडं वेळेत रिकामं होत नाही आणि चट्-चट् सुरू होतं. माणसाला वाटतं, एक दुरुस्त केलं तर दुसरं बिघडलं, सामानच खराब आहे. सामान ठीक असतं. बॅटरीवर असताना पॉवर सेटिंग "बेस्ट परफॉर्मन्स" वर ठेवा, झालं.

माझाच आवाज उशिरा

बफर मोठा केल्यावर हे होणारच. आवाज आत जायला एक भांडं, बाहेर यायला दुसरं भांडं, शिवाय वाटेतला बारीकसारीक वेळ. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंद उशीर म्हणजे साडेतीन मीटर लांब उभ्या माणसाचा आवाज ऐकण्यासारखं, ते चालतं. पण ४०-५० मिलिसेकंद झाले की गाणाऱ्याची लय डगमगते.

म्हणून इंटरफेसवर "डायरेक्ट मॉनिटर" असं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमधे येतो. मग बफर कितीही मोठा असो. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग तेवढं बंद करा, नाहीतर एक आवाज लगेच आणि एक उशिरा, असे दोन ऐकू येतात. आणि रेकॉर्डिंग करताना स्पीकर नको, हेडफोनच हवा. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमधे शिरला की शिट्टी वाजायला लागते.

सूरच बदलला

कधीकधी रेकॉर्डिंग स्वच्छ असतं, पण माणूस घाईत आणि बारीक आवाजात बोलल्यासारखा वाटतो. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आणि वाजवणाऱ्यानं ती ४८ ची समजली, तर हे होतं. एक मिनिटाचं गाणं ५५ सेकंदांत संपतं आणि सूर सुमारे दीड अर्धस्वरानं चढतो. आकडे सगळे शाबूत असतात, फक्त ते वाचायचा वेग चुकतो. त्यामुळे हा दोष पूर्ण दुरुस्त होतो. अडचण एवढीच की कळला तर. गाणाऱ्याला ओळखणारा माणूस लगेच सांगेल, पण तीस वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला कसं कळणार? म्हणून विंडोजचं साउंड सेटिंग, इंटरफेस आणि सॉफ्टवेअर, तिन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसए, जतनासाठी किमान एवढंच सुचवते. एका तासाच्या मोनो फाइलीला सुमारे ५२० एमबी लागतात.

फार मदत करणारा लॅपटॉप: सर्वांत गुपचूप दोष

वरचे बहुतेक दोष कानाला कळतात. हा कळत नाही, उलट ऐकायला छानच वाटतं. मोबाइल, लॅपटॉप आणि व्हिडिओ कॉलची ॲप्स आवाज "सुधारून" देतात. नॉइज सप्रेशन नावाचा प्रोग्राम ऐकत राहतो आणि ठरवतो, हे बोलणं आणि हा गोंगाट. बोलणं सतत बदलतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. पंख्याचा आवाज एकसारखा सलग राहतो. म्हणून जे सलग राहतं त्याला गोंगाट समजून दाबायचं, असा त्याचा ढोबळ हिशेब.

आता तारपा आठवा. तारपा वाजवणारा श्वास घेतानाही फुंक तोडत नाही. गालातली हवा सोडत नाकानं श्वास घेतो आणि सूर सलग चालू ठेवतो. ज्या कौशल्यासाठी तारपावादकाचं नाव होतं, नेमकं तेच त्या प्रोग्रामच्या लेखी पंख्याचा आवाज! वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखा जाणता वादक समोर बसला तरी प्रोग्रामला त्याचं काय. काही सेकंदांनी सूर बारीक होतो, हिंदकळतो, तुटतो. बोलीभाषांतही तेच. शब्दाच्या शेवटी हलकेच सोडलेला श्वास, नाकातला मंद सूर, हे गोंगाटात धरून कापलं जातं. आमच्या कामात ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांचं प्राट हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात असा "सुधारलेला" आवाज उघडला की चित्रात मधेमधे पांढरी भोकं दिसतात. तिथं काय होतं, ते कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं "ऑडिओ एन्हान्समेंट्स" बंद करा. माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सेटिंग बंद करा. आणि जतन करायची फाइल व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटनं पाठवू नका, तिथं आवाज दाबून लहान केला जातो. डब्ल्यूएव्ही फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या.

यातून दुसराही धडा आहे. बाजूचा प्रत्येक आवाज दोष नसतो. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आज पारीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. जात्याची घरघर पुसून फक्त गळा ठेवला तर ती ओवी ज्या लयीवर उभी आहे ती लयच जाईल. काय ठेवायचं आणि काय नको हे माणसानं ठरवावं, तेही नंतर, मूळ फाइल तशीच ठेवून.

घर हेही सामानच

स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या भिंती खडबडीत असतात आणि घरात भाताची पोती, गोधड्या असतात. तिथं आवाज बराच सुका येतो. शहरात लोक पैसे देऊन भिंतींना फोम लावतात, आपल्याकडे पोती आहेत. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला ठेवा म्हणजे "प", "फ", "भ" ला हवेचा फटका बसत नाही. पत्र्याखाली पावसात मात्र काही इलाज नाही. जव्हारचा पाऊस आणि पत्रा यांपुढे कुठलंच सॉफ्टवेअर टिकत नाही. थांबायचं.

बसण्याआधीची दोन मिनिटं

सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. माणूस गायला बसण्याआधी एवढं करा. फोन एअरप्लेनवर. वायफाय बंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एन्हान्समेंट बंद. सर्वांत मोठा आवाज काढायला सांगून गेन उणे १२ वर. मग एक मिनिट रेकॉर्ड करा: तीस सेकंद गाणं, तीस सेकंद पूर्ण शांतता. आता ते हेडफोनवर ऐका, गाणाऱ्यालाही ऐकवा. गाण्यात फाटणं आणि चट्-चट् कळेल, शांततेत घूं आणि टर्र कळेल, आणि सूर त्याचाच आहे का ते तो स्वतः सांगेल. शांततेचा तुकडा पुसू नका, नंतर गोंगाट कमी करायला तोच नमुना म्हणून लागतो.

चाचणीत घूं राहिलं आणि आजी आता उठायच्या बेतात असतील, तर घूंसकट रेकॉर्ड करा. ते पहिल्या जातीच्या जवळचं आहे, पुढे बरंचसं काढता येईल. पण लाल दिवा लागत असेल, चट्-चट् येत असेल किंवा एन्हान्समेंट चालू असेल तर दोन मिनिटं थांबवा, चहा ठेवायला सांगा, आणि तेवढं दुरुस्त करूनच बसा. नंतर फाइलीला नाव, गाव, तारीख आणि गाणाऱ्याची परवानगी जोडून दोन ठिकाणी साठवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात मराठीच्या बोलींचे आवाज असेच गावनिहाय ठेवलेले आहेत. ते ऐकताना कळतं, की माइक कुठला होता हे कुणी विचारत नाही. माणूस नीट ऐकू येतोय की नाही, एवढंच उरतं.